एवढ्याने काय होतंय, हे मला विचारू नका

काल रात्री साडेनऊला शाळेच्या ग्रुपवर निरोप आला. 'वाढदिवसानिमित्त वाटण्यासाठी घरी केलेले पदार्थ आणू नयेत. फक्त पॅकबंद खाऊ चालेल.' त्या वेळी मी गॅससमोर उभी राहून गूळपापडीसाठी कणीक भाजत होते. परवा लेकाला पाच वर्षं पूर्ण होतात. वर्गात बत्तीस मुलं आहेत. तूप आणलं होतं, चांगला गूळ चिरून ठेवला होता, सासूबाईंनी दुपारी बसून खोबरं किसलं होतं. निरोप वाचला, गॅस बंद केला, आणि संतापाने माझे हात थरथरायला लागले.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "एखाद्याला त्रास झाला तर जबाबदारी कोणाची?" हा प्रश्न खोटा नाही. कुणाला शेंगदाणा सोसत नाही, कुणाला दूध. मग वर्षाच्या सुरुवातीला पालकांना विचारा, यादी करा, आम्ही ती पाळू. पण घरची कणीक आणि गूळ धोक्याचा, आणि क्रीमच्या बिस्किटांचा पुडा सुरक्षित, हे मी कसं मान्य करू? त्या पुड्यामागची बारीक अक्षरं कुणी वाचली आहेत का? १०० ग्रॅममागे ३० ग्रॅमच्या पुढे साखर सहज सापडते. जवळजवळ तिसरा हिस्सा. उरलेला मैदा आणि पामतेल. त्याला सील आहे म्हणून ते चालतं.

आणि हे एका वाढदिवसाचं नाही. बत्तीस मुलं म्हणजे बत्तीस वाढदिवस. शाळेचे दिवस धरा दोनशे-सव्वादोनशे. म्हणजे शाळेच्या दर सहा-सात दिवसांमागे एकदा केकचा तुकडा, चिप्सचं पाकीट आणि दोन चॉकलेटं माझ्या मुलाच्या हातात पडतात, तेही सकाळी साडेदहाला, डबा खायच्या आधी. डबा तसाच परत येतो. सकाळी सहाला उठून केलेलं मेथीचं थालीपीठ मी संध्याकाळी चार वाजता कडक झालेलं बाहेर काढते.

गेल्या आठवड्याचा हिशेब सांगते. सोमवारी वर्गातला वाढदिवस. मंगळवारी धाकटीची लस होती. लस टोचून झाल्यावर दवाखान्यातल्या ताईंनी दोघांच्या हातात लॉलीपॉप दिले. धाकटी दीड वर्षाची आहे. दीड वर्षाची! आणि हे दवाखान्यात, भिंतीवर समतोल आहाराचा तक्ता लावलेला असताना. बुधवारी वाणी. गुरुवारी लिफ्टमधले आजोबा, त्यांच्या खिशात गोळ्या कायमच असतात. शुक्रवारी मावससासूबाई आल्या, त्यांच्या पिशवीत चॉकलेटांचा डबाच होता. शनिवारी केस कापायला गेलो, तिथे न विचारता समोर मोबाईल लावून दिला. रविवारी सोसायटीचा कार्यक्रम, तिथे लाल रंगाचं सरबत.

यातल्या प्रत्येकाला मी नको म्हणाले. प्रत्येकाने मला एकच वाक्य ऐकवलं. "अगं, एवढ्याने काय होतंय? एकदाच तर देतोय."

तुमचं एकदाच असतं हो. वाण्याचं एकदाच, आजोबांचं एकदाच, बाईंचं एकदाच. पण ती सगळी एकदाची एकाच पोटात जातात. आणि ते पोट तुमच्या-माझ्या ओंजळीएवढं आहे. साडेसहाला चिप्स खाल्लेलं पोर आठ वाजता वरण-भाताला तोंड उघडत नाही, कारण त्याला भूकच उरलेली नसते. मग तीच माणसं मला म्हणतात, "हा किती बारीक झालाय गं, नीट जेवत नाही का?"

दुधीची भाजी त्याने खावी म्हणून मी काय केलं हे यांना माहीत नाही. मुलांना नवी चव आपलीशी वाटायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते, कधी त्याहूनही जास्त. मी ती समोर ठेवत राहिले. पहिल्यांदा थुंकली. दुसऱ्यांदा ताट ढकललं. मग किसून धिरड्यात घातली, मग मुगाच्या डाळीत शिजवली, मग त्यालाच दुधी किसायला बसवलं. बाराव्या खेपेला त्याने स्वतःहून म्हटलं, "अजून वाढ." मला रडू आलं होतं त्या दिवशी. सासूबाई या वयात नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, गाळून, सावलीत वाळवून सत्त्व करतात. चार दिवसांचं काम आहे ते. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. ते त्या आजीच्या मेहनतीतून नातवाच्या हाडांत जातं. त्या मेहनतीवर कुणी येऊन दहा रुपयांचं पाकीट टाकायचं आणि वर मीच कडक, मीच कंजूस, मीच पोरांना तरसवते?

"आम्ही नाही का खाल्लं लहानपणी?" हे आणखी एक. नाही खाल्लं. मी पुण्यातच वाढले, मला चांगलं आठवतं. लिमलेटची गोळी मिळायची पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की. केक वर्षातून एकदा, स्वतःच्या वाढदिवसाला. श्रीखंड पाडव्याला. म्हणून त्याची चव अजून जिभेवर आहे. रोज मिळणाऱ्या गोष्टीची तुलना सणाच्या गोष्टीशी करू नका.

मग सल्ला येतो तो पावडरीचा. दुधात दोन चमचे घाल, उंची वाढते. २०२४ च्या एप्रिलमध्ये सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की ही पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली दाखवू नका, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचं काही नाहीच. तरी आजही दुकानात फळीवर दुधाशेजारी तेच डबे, आणि आया तेच विकत घेतात कारण त्यांना सांगणारं कुणी नाही. मी सांगायला गेले तर मी शहाणी.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ६ महिने ते ५ वर्षांच्या दर १०० मुलांत ६९ मुलांना रक्तक्षय निघाला. एवढा मोठा आकडा फक्त हातावर पोट असलेल्या घरांचा असू शकत नाही. त्यात आपल्या सोसायट्यांतली, चारचाकीतून शाळेत जाणारी मुलंही आहेत. पोट भरलेलं आहे, अंगात रक्त नाही.

आणि नियम नाहीत असंही नाही, याचाच मला जास्त राग येतो. २०२० ची अन्नसुरक्षा प्राधिकरणाची शाळांसाठीची नियमावली आहे. जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. आमच्या शाळेच्या फाटकातून मी मोजून वीस पावलं चालले की रंगीत पेप्सीकोल्याची पेटी आहे. फाटकाबाहेर ही विक्री, फाटकाच्या आत पॅकबंद खाऊची सक्ती. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले, कशात किती साखर आहे हे मुलांना दिसावं म्हणून. लावा ना ते सगळ्याच शाळांत. आणि त्या फलकाखाली उभं राहून केक कापायचं बंद करा.

मोबाईलचं तर काय सांगू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच स्पष्ट सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नका, चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी. तीन तास! कुठे करायची ती हालचाल? आमच्या सोसायटीत कडेला वाळूचा खड्डा होता. माझा लेक तिथे तासन्‌तास बसायचा, करवंटीत वाळू भरायचा, ओतायचा, पुन्हा भरायचा. दिवाळीनंतर तो बुजवून वर फरशा बसवल्या. आता तिथे तीन गाड्या उभ्या असतात आणि पाटी आहे, 'येथे खेळू नये'. मीटिंगमध्ये मी बोलले तर एक काका म्हणाले, "वाळूत मांजरं घाण करतात. आणि आता मुलं खेळतात कुठे, सगळी मोबाईलवर असतात." अहो, जागा तुम्ही घेतलीत म्हणून ती मोबाईलवर आहेत! माझा आवाज चढला त्या दिवशी, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

शेजारच्या वहिनी विचारतात, तुझा इंग्रजी उच्चारांच्या फोनिक्स क्लासला जात नाही? मण्यांवर हिशेब शिकवणाऱ्या ॲबॅकसला? मग घरी करतो तरी काय? तो मटार सोलतो. एका शेंगेत किती दाणे ते मोजतो, सगळ्यात जास्त नऊ निघाले ते बाबांना फोन करून सांगतो. कणकेचा साप करतो. रुमालांच्या घड्या घालतो, कोपऱ्याला कोपरा जुळवून. भेंडीचा देठ रंगात बुडवून ठसे काढतो. चिंचोके आणि वाल मिसळून दिले की वेगळे करत बसतो. "ते ठीक आहे गं, पण शिकतो काय?"

हे ऐकलं की मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी गावातल्या आणि वारली मुलांसाठी शाळा मांडली ती अंगणात आणि कुरणावर, पानं, बिया, खडे, शंखशिंपले यांच्या जोरावर. आख्ख्या देशाला अंगणवाडी दाखवणारी ही माणसं आपल्या महाराष्ट्रातली. आज लहान मुलांच्या शिक्षणाचा २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही तेच सांगतो की तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तक नको, खेळातून शिकू दे. आणि माझं पाच वर्षांचंही न झालेलं पोर दप्तरातून चार रेघांची वही काढतं. रोज एक पान 'बी', एक पान 'डी'. बोटं दुखतात म्हणून रडतं. परवा त्याने पेन्सिल फेकून दिली, आणि मी त्याला रागावले. त्याला! त्याची चूक नसताना. त्याचा राग मला अजून स्वतःवर येतोय.

नवरा म्हणतो, किती जणांशी भांडशील, सोड. नाही सोडत. मला कुणाचं चॉकलेट बंद करायचं नाही. मला विचारा, एवढंच मागतेय. पोराच्या हातात काही ठेवण्याआधी त्याच्या आईबापाकडे एकदा बघा. नको म्हटलं की हात मागे घ्या. माझ्या तोंडावर, मुलासमोर, "आई वाईट आहे ना रे? घे गुपचूप" असं म्हणू नका. आजोबा परवा हेच म्हणाले. मुलगा घरी येऊन मला विचारत होता, "तू वाईट आहेस का?"

गूळपापडी आम्ही रात्री वड्या पाडून डब्यात भरली. ती घरात खाऊ, खाली वॉचमनकाकांच्या मुलांना देऊ. आणि आज दुपारी मी आणि लेकाने जमिनीवर बसून कागदाच्या बत्तीस पुड्या केल्या. प्रत्येकीत दोन चमचे मेथीदाणे. त्याने स्वतः मोजून भरले, डिंकाने चिकटवले, वर हिरव्या खडूने एकेक पान काढलं. मातीत टाकले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुर दिसतात, पाच वर्षांच्या मुलाला तेवढा धीर धरता येतो. परवा सकाळी मी स्वतः त्या घेऊन शाळेच्या दारात जाणार आहे. पुड्या बंद आहेत. परत पाठवल्या तर का पाठवल्या, ते मला तिथेच, सगळ्या पालकांसमोर सांगावं लागेल.