खुर्ची बाहेर काढली की कॅम्पिंग!

मोटरहोमच्या, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, प्रवासावरचा एक लेख नुकताच वाचला. ‘दक्षिण युरोपात मोटरहोम समुद्रकाठी कुठंही लावा आणि मस्त ताणून द्या’ हे त्यातलं वाक्य पहिल्यांदाच निघालेल्यांना महागात पडेल. स्पेनमध्ये गाडी उभी करणं वेगळं आणि कॅम्पिंग वेगळं. रीतसर पार्किंगमध्ये गाडी चारही चाकांवर उभी असेल, तर आत झोपा, स्वयंपाक करा, साधारणपणे कोणी काही म्हणत नाही. पण बाजूचं छत ओढलं, टेबल-खुर्च्या मांडल्या, भांड्यांचं पाणी खाली सोडलं, की झालं कॅम्पिंग. आम्ही मालागाहून भाड्यानं गाडी घेतली होती. अल्मेरियाजवळ सकाळी दोन खुर्च्या बाहेर टाकून पोहे खात होतो, तेवढ्यात पोलीस आले. दंड झाला नाही, पण ताटल्या तशाच सिंकमध्ये टाकून निघावं लागलं. गाडी सुरू झाली तशी हळद सगळ्या ओट्यावर!

पोर्तुगालची गोष्ट तर आणखी निराळी. २०२१ पासून तिथं संरक्षित निसर्गक्षेत्रात आणि किनारपट्टीच्या राखीव पट्ट्यात, ठरवून दिलेल्या जागा सोडून, रात्री मुक्काम करता येत नाही. इतरत्रही एका नगरपालिकेच्या हद्दीत ४८ तासांची मर्यादा. म्हणजे पोर्तुगालच्या नैऋत्य टोकाला, साग्रेसच्या समुद्रकड्यावर रात्र काढायचं स्वप्न बघत असाल तर आधी कॅम्पसाइट बुक करा. गावोगावी मोटरहोमसाठी राखीव तळ असतात, पाणी भरायची आणि टॉयलेटची टाकी रिकामी करायची सोय तिथंच होते. लेखात त्यांचा साधा उल्लेखही नाही, याचं नवल वाटलं.