'लॅबमधली पोरं' या कमेंटला जरा लांबलेलं उत्तर

नमस्कार. आयडीवरून काका की ताई ते कळत नाही म्हणून नुसतं 'तुम्ही' म्हणतो, राग नसावा. उत्तराला चार दिवस लागले कारण पहिल्या दिवशी जे लिहिलं होतं ते तुमच्याइतकंच तिखट होतं, डिलीट केलं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्क्रिप्ट लॅब (नवख्याच्या पटकथेवर जाणकारांबरोबर काम करायची शिबिरं), मेंटॉर, ग्रँट हे सगळे चोचले, त्यातून एकाच साच्यातले फेस्टिव्हलछाप सिनेमे निघतात, फाळक्यांनी बायकोचे दागिने विकून पिक्चर काढला त्यांना कुठली लॅब होती, आणि ज्याचा स्वतःचा एक सिनेमा झाला नाही त्यानं (म्हणजे मी) सांगलीत बसून पोरांना स्क्रिप्ट शिकवू नये.

शेवटचं आधी घेतो. खरंय, नाही झाला. दोन बाउंड स्क्रिप्ट कपाटात आहेत, तिसरी गोष्ट एका निर्मात्याच्या ऑफिसात दीड तास हातवारे करून नॅरेट केली, कागद एक दिला नाही, आणि दोन वर्षांनी तिचा अर्धा भाग दुसऱ्याच्या नावानं पडद्यावर बघितला. तक्रार कशाच्या जोरावर करणार? नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सुप्रीम कोर्टानं आर. जी. आनंद खटल्यात १९७८ सालीच सांगून ठेवलंय, मांडणीला संरक्षण मिळतं आणि माझी मांडणी सगळी हवेत. म्हणून येणाऱ्या पोराला मी पहिलं हेच सांगतो की लिही, रजिस्टर कर, मग तोंड उघड. एवढं सांगायला सिनेमा झालेला असावा लागत नाही, बुडालेला असला तरी चालतो.

आता फाळके. दागिने सरस्वतीबाईंचे होते, आणि त्या नुसते दागिने देऊन बसल्या नव्हत्या, युनिटचा स्वयंपाक करून वर फिल्म धुण्याचं कामही त्या करायच्या. म्हणजे फाळक्यांना लॅब होती, घरातच होती आणि बिनपगारी होती. आज ज्याच्या घरात मोडायला दागिनेच नाहीत त्यानं काय करायचं ते तुमच्या कमेंटमध्ये कुठं सापडलं नाही.

साच्याचं म्हणणं मात्र मला अर्धं पटतं, आणि इथं तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. बऱ्याच लॅबचा अर्ज इंग्रजीत भरायचा, लॉगलाइन (एका ओळीतली गोष्ट) इंग्रजीत, सिनॉप्सिस (गोष्टीचा सारांश) इंग्रजीत, आणि मग गोष्ट हळूहळू त्या भाषेत मावेल एवढीच उरते. जत तालुक्यातला एक मुलगा येतो आमच्याकडं, कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्ट करतो, टँकरच्या पाण्यावरून दोन घरांत पडलेल्या वाकड्याची त्याची गोष्ट आहे. त्याच्या अर्जात 'मानपान' इंग्रजीत कसं सांगायचं यावर आमचे दोन तास गेले, शेवटी तो म्हणाला सर काढूनच टाकू. मी म्हटलं मग उरलं काय रे तुझ्या गोष्टीत?

पण म्हणून लॅबच नको? दिग्दर्शक रोहन कानवडे घ्या, मूळचा इंटिरियर डिझायनर माणूस, फिल्म स्कूलचं तोंड न बघितलेला. त्याच्या 'साबर बोंडं'ची स्क्रिप्ट व्हेनिसच्या बिएनाले कॉलेज या लॅबमधून जाऊन आली आणि सिनेमानं २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलचा ग्रँड ज्युरी पुरस्कार घेतला. सिनेमा आहे बापाच्या सुतकाच्या दहा दिवसांचा. तिकडच्या मेंटॉरला सुतक म्हणजे काय ते कुणीतरी समजावून सांगितलंच असणार, पण स्क्रिप्टमधून ते गेलं नाही ना.

आणि नाटकाला आपण हे बोलतो का हो? पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, राज्य नाट्य स्पर्धा त्याच्याही आधीपासून, पोरं दोन दोन महिने तालमी करतात, कुणी सीनियर येऊन बघतो, म्हणतो हा प्रवेश पडतोय, रात्रीत तो पुन्हा लिहिला जातो, ह्याला आपण संस्कार म्हणतो. तेच सिनेमाच्या कागदाला कुणी केलं की चोचले.

त्या जतच्या पोराच्या तिसऱ्या ड्राफ्टमध्ये आईला दीड पानाचं भाषण होतं, शुद्ध पुणेरी. मोठ्यानं वाचायला लावलं, तो मध्येच थांबला. विचारलं, आई घरी असं बोलते? म्हणाला नाही सर, चिडली की बोलतच नाही, भांडी आपटते. चौथ्या ड्राफ्टमध्ये तो सीन चार ओळींचा आहे, रिकामी घागर, एक पातेलं, आणि दारात उभा राहिलेला बाप. मी काही शिकवलं नाही, नुसतं वाचायला लावलं, पण त्यासाठी कुणीतरी समोर बसावं लागतं आणि त्या पोराला शिफ्ट बुडवावी लागते, जिचा पगार कापला जातो.

माझं मूळ भांडण ह्या पगाराशी आहे. आपल्याकडं सरकारी अनुदान आहे, 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब'ला ३० लाख हे आकडे बरीच वर्षं ऐकतोय, पण ते मिळतं सिनेमा पूर्ण होऊन कमिटीनं बघितल्यावर. म्हणजे ज्यानं आधीच कुठून तरी पैसा उभा केला त्यालाच. लिहिण्याच्या वर्षभरात चूल कशी पेटवायची, तिथं कुणी नाही. 'कोर्ट' सिनेमाच्या वेळी दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेला निर्माता विवेक गोम्बरनं लिहिण्यासाठी दरमहा ठरावीक पैसे दिले, नंतर स्क्रिप्टसाठी रॉटरडॅम फेस्टिव्हलच्या हुबर्ट बाल्स फंडाची मदत आली, २०१४ ला व्हेनिस फेस्टिव्हलमध्ये दोन पुरस्कार मिळाले ते तुम्हाला माहीत असेलच. प्रत्येकाला गोम्बर भेटत नाही. केरळ सरकार महिला आणि एससी-एसटी दिग्दर्शकांना सिनेमामागं दीड कोटीपर्यंत देतं, निवड स्क्रिप्टवरून, सिनेमा व्हायच्या आधी. आपण निदान लिहिणाऱ्याला सहा महिन्यांचं घरभाडं तरी?

चोचले म्हणायचं तर हे म्हणा, मला चालेल.

रविवारी सकाळी १० ला वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्या जतच्या पोराचा पाचवा ड्राफ्ट वाचतोय. सांगलीच्या जवळपास असाल तर या, इथं लिहिलंत ते त्याच्या तोंडावर बोला, तो ऐकून घेतो, वहीत लिहूनही घेतो. पंखा एकच आहे, खिडकीजवळ बसा.