सागवानी झोपाळा आणि माझा शाईचा कारखाना

आमच्या चिपळूणच्या घरी पडवीत आजोबांच्या वेळचा सागवानी झोपाळा आहे, पितळी कड्यांचा. म्हणजे होता पितळी कड्यांचा. दोन वर्षांपूर्वी एक कडी झिजली आणि घरातला एकमेव इंजिनिअर म्हणून मी पैसे वाचवून लोखंडी बसवली. पडवीत झड येते, पावसाळाभर कडीवरून पाणी ओघळलं, आणि गणपतीच्या आठवडाभर आधी गेलो तर फळीवर हातभर काळाकुट्ट डाग. आजी शेजारी बसून सुपारी कातरत होती. "तुझीच कडी हो ती," एवढंच म्हणाली.

मग सल्ले सुरू. काकूंनी लिंबू-मीठ सांगितलं, डाग तसाच, झोपाळ्याला सरबताचा वास. आत्याच्या टूथपेस्टने पॉलिशवरचं चहाच्या कपाचं पांढरं वर्तुळ खरंच गेलं, पण काळ्याने दाद दिली नाही. ब्लीच लावलं तर आजूबाजूची बुरशी गेली आणि स्वच्छ फळीवर डाग अजूनच उठून दिसायला लागला. शेवटी वैतागून तारेची घासणी घेतली, खसाखसा घासलं, पाणी मारलं, झोपलो. सकाळी अख्ख्या फळीवर काळे ठिपके, झोपाळ्याला देवी आल्यासारखे!

सुतारमामा आले, बघून आधी पोटभर हसले. "अहो, तारेचा चुरा राहिला ना आत. सागात लोखंड भिजलं की शाईच होते." पूर्वी हिरडा नि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून शाई करायचे, तसंच काहीतरी, लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड. म्हणजे मी आठवडाभर मन लावून शाई बनवत होतो.

उपाय ऑक्झॅलिक ॲसिड. विषारी, म्हणून हातमोजे, आणि आधीचं ब्लीच नीट धुऊनच लावायचं. लावलं आणि डाग डोळ्यांदेखत विरला राव! पुन्हा धुणं, मग भादव्यात फळी सुकायची वाट बघणं (हा खरा छळ), रेषेरेषेने १२० नंबरचा पॉलिशपेपर, वर बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, दोन हात. तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतं म्हणाले मामा. मला वाटलं गंमत करतायत, पण नाही, खरंच पेटतं.

कडी पितळी आणली, अर्थातच तिप्पट पैसे देऊन. गौरीच्या दिवशी झोपाळा नवरीसारखा चमकत होता, मी सगळ्यांना बोलावून दाखवायला नेलं. आजी दुपारची तिथेच आडवी झाली होती. उशाशी तिचा अडकित्ता. नुकताच धुतलेला. लोखंडी.