‘भावना बंद ठेवा, डोकं चालेल’: एका व्हायरल मेसेजला उत्तर

मेंदूच्या ‘तीन मजल्यांचा’ एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. तळाला सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेंदू, मधे भावनांचा, आणि वर माणसाचा विचारी मेंदू. खालचे दोघे वरच्याला सतत बिघडवतात. अमिग्डाला (मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना असणारा छोटा भाग) म्हणजे भीतीचं बटण, डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन. म्हणून निर्णय घेताना भावना बंद ठेवा, असा त्याचा सल्ला. वाचायला छान, पण आहे तसं यातलं फारसं काही टिकत नाही.

मजल्यांचं आधी उरकून घेऊ. पॉल मॅक्लीन या अमेरिकी संशोधकाने १९६०च्या दशकात ही कल्पना मांडली. उत्क्रांतीने जुन्या मेंदूवर नवा मेंदू बांधला, असं मात्र झालेलं नाही. मासे, सरडे, पक्षी, माणूस, सगळ्यांच्या मेंदूत पुढचा, मधला आणि मागचा हे मूळ भाग असतातच. फरक पडला तो त्यांच्या आकारात आणि जोडणीत. ज्यांना आपण भावनेचे आणि विचारांचे भाग म्हणतो, त्यांच्यात दोन्ही बाजूंनी निरोप जात-येत असतात.

आता मुख्य दावा: भावना गेल्या की बुद्धी धारदार होते. भावना खरोखरच गेलेला एक माणूस आहे, म्हणजे हे पडताळून पाहता येतं. अँटोनिओ डमासिओ या मेंदूतज्ज्ञाने त्याला एलियट हे टोपणनाव दिलं. मेंदूच्या पुढच्या भागाजवळची गाठ काढताना त्याचा खराब झालेला थोडा भागही काढावा लागला. शस्त्रक्रियेनंतर बुद्ध्यंक चांगला, स्मरणशक्ती शाबूत, बोलणं व्यवस्थित. भीषण अपघातांची चित्रं दाखवली तर तो शांतपणे सांगे, पूर्वी यांनी मी हललो असतो, आता काही वाटत नाही. मेसेजच्या हिशेबाने हा आदर्श निर्णयकर्ता! प्रत्यक्षात कागदपत्रं लावायला बसला की ती तारखेनुसार लावावीत, आकारानुसार की विषयानुसार, यावरच त्याची अख्खी दुपार जाई. नोकरी गेली, धंद्यात साठवलेला पैसा बुडाला, संसार मोडला. अशीच इजा झालेल्या दुसऱ्या एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्हींचे फायदे-तोटे मोजत राहिला. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, दुसरी घ्या. तो म्हणाला, ठीक आहे.

तर्कात या दोघांची काही चूक नव्हती. त्यांना थांबता येत नव्हतं. ‘हे महत्त्वाचं, ते फालतू’ अशी किंमत लावण्याचं काम भावना करते. ती किंमतच नसेल तर तर्क नुसती यादी वाढवत नेतो.

डमासिओंच्या गटाने पुढे पत्त्यांच्या चार गठ्ठ्यांचा एक प्रयोग केला. निरोगी लोक शेवटी तोट्यात नेणाऱ्या, वाईट गठ्ठ्याकडे हात नेताना, तो वाईट का हे सांगता येण्याआधीच, त्यांच्या तळहाताला किंचित घाम येऊ लागे. अशी इजा झालेल्यांना तो येत नव्हता आणि ते तोट्याचे पत्ते उचलत राहिले. (संशोधकांना वाटलं होतं त्यापेक्षा खेळणाऱ्यांना जास्त कळत होतं, असा आक्षेप नंतर घेतला गेला आणि तो वजनदार आहे. एलियटची दुपार मात्र त्याने पुसली जात नाही.)

‘भीतीचं बटण’ तर सरळच चुकीचं. दोन्ही अमिग्डाला नष्ट झालेली, संशोधनात एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक स्त्री साप-कोळ्यांना घाबरत नाही. पण २०१३ साली छापून आलेल्या प्रयोगात ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा श्वासातून दिल्यावर ती भेदरून गेली. शिवाय निरोगी मेंदूत अमिग्डाला बक्षिसालाही प्रतिसाद देतो.

डोपामिनबद्दलचा गैरसमज सगळ्यात चिवट. केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांमधलं डोपामिन जवळजवळ संपवलं. समोर अन्न असून ते खाईनात. पण जिभेवर गोड थेंब टाकला की पूर्वीसारखेच ओठ चाटत. म्हणजे चव आवडत होती, मिळवायची ओढ गेली होती. वोल्फ्राम शुल्त्झ यांना माकडांमध्ये दिसलं की फळांचा रस अनपेक्षित मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चेततात. रसाआधी दिवा लागतो हे कळल्यावर त्या दिव्यालाच चेततात, आणि ठरल्या वेळी रस आला नाही तर मंदावतात. अपेक्षा आणि अनुभव यांतला फरक मोजणारी ही यंत्रणा आहे. शिकणं आणि प्रयत्न करावेसे वाटणं यांत तिचा हात असतो. तिला ‘आनंदाचं रसायन’ म्हटलं की हे सगळंच हातातून निसटतं.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे. तीव्र, आवाक्याबाहेरच्या ताणात प्रीफ्रॉन्टल कॉर्टेक्सचं, म्हणजे कपाळामागच्या विचार-नियोजनाच्या भागाचं, काम ढासळतं; एमी आर्नस्टेन यांच्या संशोधनातून ते नीट दिसतं. पण त्याच संशोधनानुसार, पेंगुळलेल्या माणसात तिथली उत्तेजक रसायनं फार कमी असतात, तेव्हाही हा भाग नीट चालत नाही. शिवाय भावना दाबण्याचा खर्च वेगळाच. जेन रिचर्ड्स आणि जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत, मन हलवणारी चित्रं पाहताना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका असं बजावलेल्यांना त्या वेळी सांगितलेला तपशील इतरांपेक्षा कमी आठवला. जे पाहतोय त्याकडे वेगळ्या नजरेने बघा, असं सांगितलेल्यांच्या आठवणीला तसा फटका बसला नाही.