आग्रा रोड रुंद केला म्हणजे पेठ जगेल?

धुळ्याची जुनी पेठ वाचवायची तर आग्रा रोड रुंद करा आणि घाऊक व्यापार हायवेवर न्या, असा एका लेखाचा सूर आहे. दुसरं एकवेळ मान्य. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात, मग मालट्रक गावात हवेत कशाला?

पण भाऊ, हे गाव आपोआप वाढलेलं नाही. 1819 मध्ये ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खान्देशचं मुख्य ठाणं केलं, सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली, व्यापाऱ्यांना बिनभाड्याने जागा आणि घर बांधायला उचल दिली. नंबरच्या गल्ल्यांतून आजही रिक्षावाला पत्ता चुकत नाही! म्हणजे आधी माणसं वसवली. आता नेमकं उलटं: वरचे मजले रिकामे, खाली दुकान, रात्री नऊनंतर सामसूम.

रुंदीकरणात पहिली जातात ती लाकडी खांबांची जुनी घरं. त्यापेक्षा मालकांना दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज द्या, वर राहणाऱ्याला घरपट्टीत सूट द्या. पांझरा नदीकाठी नवं बांधकाम तर नकोच. 1966 च्या नगररचना कायद्यानुसार शहराच्या प्रारूप (कच्च्या) विकास आराखड्यावर हरकती घेता येतात, त्या दुकानदारांबरोबर भाडेकरूंनीही लेखी द्याव्यात.