गायतोंडे यांच्याबद्दलच्या त्या मेसेजविषयी

नाशिकच्या चित्रकला क्लासेसच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘प्रोग्रेसिव्ह ग्रुपचे संस्थापक, अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना हुबेहूब चित्र जमत नव्हतं, म्हणून ते कॅनव्हासवर रंग ओतायचे, जिवंतपणी कुणी विचारलंही नाही.’ गोदाघाटावर जलरंगात हात बसवणारी पोरं हे वाचून खूश होतात, म्हणून लिहितो.

गायतोंडे मुंबईच्या जे. जे. स्कूल या कलाशाळेचे, १९४८चे पदविकाधारक. लघुचित्रांचा त्यांचा अभ्यास होता, सुरुवातीच्या कामात माणसांच्या आकृत्याही आहेत. आणि रंग ‘ओतणं’? ते रोलरने रंगाचा थर देत, पॅलेट नाइफने (रंगकामाच्या चपट्या पात्याने) खरवडत, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलत. मग पुन्हा थर. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं व्हायची.

दुर्लक्षित म्हणाल, तर १९६४मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१मध्ये पद्मश्री. चित्रांना लिलावात कोट्यवधींच्या बोली मात्र २००१मध्ये ते गेल्यावरच्या. मेसेजमध्ये खरं असेल तर एवढंच.

‘प्रोग्रेसिव्ह ग्रुपचे (मुंबईतल्या आधुनिक कलावंतांच्या गटाचे) संस्थापक’ हेही चूक. १९४७चे सहा संस्थापक सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे. गायतोंडे नंतर आले.