शेपटी कुणी झाकली?

खानापुरात डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे माझं. लग्नसराई आली की डोकेदुखी ठरलेली. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह पुढं करतंय, "अण्णा, पत्रिका हाय त्यात, काढा की." उघडतो तर 'पत्रिका' नावाच्या तीन फायली! सीडीआर (कोरलड्रॉची) कुठली, पीडीएफ कुठली, जेपीजी कुठली? कळायचं शेपटीवरून, म्हणजे फायलीच्या नावामागं टिंब देऊन येणाऱ्या अक्षरांवरून (एक्स्टेन्शन), आणि ती तर विंडोज ९५ पासून झाकूनच ठेवलेली. फायलीवरची बारकी चित्रं बघून ओळखायचं म्हणे! (माझा चष्मा कोण पुसणार?)

परवा एकानं फॉर्मसाठी जेपीजी लागतंय म्हणून पीडीएफचं नाव बदलून 'फोटो.जेपीजी' केलं. खरं नाव झालं 'फोटो.जेपीजी.पीडीएफ'. साइट घेईना, शिव्या मला.

बरं, यात नुसती गैरसोय नाही ओ. २००० साली 'आय लव्ह यू' व्हायरस असाच फसवत पसरला. दिसायचं टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर; मागं लपलेलं व्हीबीएस, म्हणजे उघडलं की चालणारा प्रोग्राम. लोकांनी प्रेमपत्र समजून उघडलं की!

तरी आजही नवीन मशीन आलं की फोल्डर उघडून आधी व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक, की शेपटी दिसते. माझ्या तिन्ही मशिनींवर केलंय. गिऱ्हाइकाच्या घरी, नंदगडला, कोण जाणार टिक मारायला?